वकिली, प्लॉट आणि रेराचा एजंट नंबर : मराठवाड्यातल्या वकिलांचे नेहमीचे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या कोर्टात दिवाणी बाजूला काम करताना तरुण वकिलांकडून एक विषय सतत कानावर येतो. शेंद्रा-बिडकीनला उद्योग आले, समृद्धी महामार्ग सुरू झाला, जालना रोड आणि बीड बायपासच्या कडेला प्लॉटिंगचे बोर्ड उभे राहिले. खरेदीखत लिहून देणाऱ्या वकिलाला काही हजार मिळतात, आणि तोच व्यवहार जमवणारा माणूस टक्का-दोन टक्के घेऊन जातो. मग प्रश्न येतो, "सर, आपणच रेराचं लायसन्स काढलं तर?" (रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता प्रकल्पांचं नियमन करणारा कायदा, महारेरा म्हणजे तो महाराष्ट्रात राबवणारं प्राधिकरण, आणि सनद म्हणजे वकिलीचा परवाना.) लातूर, परभणी, बीडहूनही हाच फोन येतो. मीही थोडीफार गुंतवणूक करतो आणि एकेकाळी हा विचार मीही केला होता. तेव्हा जे वाचलं आणि पाहिलं, ते इथे लिहितो आहे.

सनद असलेल्या वकिलाला महारेराची एजंट नोंदणी मिळू शकते का?

२०१६ च्या रेरा कायद्यात वकिलांना मनाई करणारं कलम नाही. कलम ९ नुसार एजंटाला नोंदणी करावी लागते, आणि त्यात पेशाची अट नाही. त्यामुळे रेराकडून पाहिलं तर वाट मोकळी दिसते. अडथळा आपल्या घरातला आहे, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांतला. बहुतेक जण रेराचे नियम नीट वाचतात, पण सनद घेताना ज्या नियमांना बांधून घेतलं ते उघडून पाहत नाहीत.

मग नेमकं अडतं कुठे?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलाच्या इतर उद्योगांबद्दल ४७ ते ५२ असे नियम आहेत. नियम ४७ सांगतो की वकिलाने स्वतः कोणताही व्यवसाय करू नये. निष्क्रिय भागीदार म्हणून पैसे गुंतवता येतात, पण तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला बाधक नाही असं राज्य बार कौन्सिलचं मत असलं पाहिजे. नियम ४८ प्रमाणे कंपनीचा संचालक होता येतं, मात्र कारभार हातात घेता येत नाही, मॅनेजिंग डायरेक्टर किंवा सेक्रेटरी होता येत नाही. नियम ४९ पूर्णवेळ पगारी नोकरीला मनाई करतो. वडिलोपार्जित धंदा वाट्याला आला तर नियम ५० नुसार हिस्सा ठेवता येतो, पण गल्ल्यावर बसता येत नाही. शिकवणं, लिहिणं, व्याख्यानं देणं याला नियम ५१ मर्यादेत मोकळीक देतो. या मोकळिकीच्या यादीत दलाली कुठेही नाही.

रेराचा एजंट म्हणजे काय, तर प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकण्या-घेण्यासाठी मध्यस्थी करून कमिशन घेणारा माणूस. कायद्याच्या व्याख्येतच मध्यस्थ आणि दलाल हे शब्द आहेत. तो व्यवसाय आहे हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही, नोंदणी प्रमाणपत्रच ते सांगतं. चालू सनद आणि चालू एजंट नंबर दोन्ही एकाच माणसाच्या नावावर असले, तर नियम ४७ मोडल्याचा पुरावा त्याने स्वतः महारेराच्या संकेतस्थळावर ठेवला असं होतं. एजंटांची नोंद तिथे कोणालाही पाहता येते. उद्या समोरच्या पक्षकाराने तक्रार केली, तर अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३५ खाली चौकशी होते, आणि शिक्षा ताकीद देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत जाऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयानेही ही बाजू स्पष्ट केली आहे. महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरला वैद्यकी चालू ठेवून सनद हवी होती. १९९६ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचा नकार कायम ठेवला. वकिली पूर्ण वेळ मागते, हा त्या निकालाचा गाभा आहे. डॉक्टरकीसारखा प्रतिष्ठेचा पेशाही सोबत चालत नसेल, तर दलालीचा प्रश्न उरत नाही, असं मला वाटतं.

धंदा नाही, पण ओळखीतला एखादा व्यवहार जमवून दिला आणि त्याने खुशीने पैसे दिले तर?

मोह खरा इथे आहे, कारण नंबर न काढता हेच चाललेलं असतं.

मी एक साधी कसोटी लावतो. खरेदी झाली नाही तरी मला पैसे मिळणार असतील तर ती फी. खरेदी झाली तरच मिळणार असतील तर ती दलाली. पहिल्या प्रकारात "हा प्लॉट घेऊ नका" असं सांगायला माझी जीभ अडखळत नाही. दुसऱ्यात अडखळते, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडून हे घडलं. गावाकडचे एक काका प्लॉट घेत होते. विकणाऱ्याने मला "व्यवहार झाला की तुमचं बघतो" म्हटलं, आणि मी नाही म्हणालो नाही. फेरफारात जुन्या वाटणीची एक नोंद अस्पष्ट होती. तिचा मूळ कागद मागवायला हवा होता, पण व्यवहार लांबेल म्हणून मी "चालतंय" म्हणालो. पुढे त्या वाटणीतल्या एका बहिणीने हिश्श्याचा दावा लावला. काकांचा दावा मी फुकट लढवला आणि तो तडजोडीने मिटला, पण त्यांना दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागले. त्यानंतर मी कधीही व्यवहारावर टक्का घेतला नाही.

रेराची नोंदणी कोणत्या व्यवहारांना लागते?

ज्या प्रकल्पाची स्वतःची रेरा नोंदणी आहे, त्यातला प्लॉट, फ्लॅट किंवा दुकान विकण्या-घेण्यात मध्यस्थी करायची असेल तर. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट ८ पर्यंत असले तर प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे, त्यापुढे ती साधारणपणे लागते. म्हणजे एका एकरातलं एनए (बिगरशेती) प्लॉटिंगही यात येतं, फक्त टॉवर नव्हेत. नोंदणी नसताना एजंटगिरी केली तर कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये दंड आहे, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

शेतजमीन किंवा जुन्या घराची दलाली रेरात येत नाही. मग ती तरी करता येईल का?

नाही. रेराला त्या व्यवहाराशी देणंघेणं नसेल, पण नियम ४७ "कोणताही व्यवसाय" म्हणतो. बांधावरच्या जमिनीचा सौदा जमवून टक्का घेणं हाही व्यवसायच. तालुक्याच्या ठिकाणी हे सर्रास चालतं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

सनद नसलेल्या, फक्त एलएलबी झालेल्या माणसाचं काय?

त्याला मोकळीक आहे. बार कौन्सिलचे नियम सनदधारकाला लागू होतात, पदवीला नाही. माझ्या मते कायदा शिकलेला माणूस पूर्णवेळ एजंट झाला तर मराठवाड्याच्या बाजाराचं भलंच होईल, कारण सातबारा वाचता येणारे एजंट इथे फार कमी आहेत. फक्त कार्डावर "ॲडव्होकेट" लिहू नये. सनद घेऊन घरी बसलेला माणूस मात्र या मोकळिकीत येत नाही. कोर्टात जात नसला तरी त्याचं नाव रोलवर, म्हणजे बार कौन्सिलच्या वकिलांच्या यादीत आहे.

नोंदणी कशी होते? वकिलाला परीक्षेतून सूट आहे का?

सूट नाही. २०२३ पासून महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचं केलं. २० तासांचं प्रशिक्षण, मग आयबीपीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेतर्फे ऑनलाइन परीक्षा. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. आधीपासून नोंदणी असलेल्यांनाही हे प्रमाणपत्र घ्यावं लागलं, आणि मुदतीत न घेणाऱ्या हजारो एजंटांची नोंदणी २०२४ च्या सुरुवातीला स्थगित झाली.

त्यानंतर ऑनलाइन अर्ज. पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं लागतात. नियमांत व्यक्तीसाठी फी १०,००० रुपये आणि संस्थेसाठी १ लाख रुपये ठरली होती. भरण्याआधी संकेतस्थळावरचा ताजा आकडा पाहून घ्या. नोंदणी पाच वर्षं चालते. मिळालेला नंबर प्रत्येक जाहिरातीत आणि व्यवहारात लिहावा लागतो, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात, आणि नोंदणी नसलेल्या प्रकल्पात हात घालता येत नाही.

जाहिरातीच्या मुद्द्यावर थोडं थांबा. एजंटाला जाहिरातीशिवाय धंदा नाही. वकिलाला बार कौन्सिलच्या नियम ३६ ने जाहिरात आणि काम मागत फिरणं बंद आहे. एकाच माणसाने एका हाताने फ्लेक्स लावायचा आणि दुसऱ्या हाताने नियम ३६ पाळायचा, हे जमत नाही.

पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर नोंदणी काढली तर?

पत्नी स्वतः प्रशिक्षण घेते, परीक्षा देते, ग्राहकांना साइट दाखवते, पैसे तिच्या खात्यात येतात आणि विवरणपत्र ती भरते, असं असेल तर तो तिचा स्वतंत्र व्यवसाय आहे. मात्र तिने आणलेल्या व्यवहाराची सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, तुम्ही करू नका. करायचीच वेळ आली तर घेणाऱ्याला नातं आधी लेखी सांगा.

नाव तिचं, फोन तुमचा आणि बैठक तुमच्या चेंबरमध्ये असेल, तर धंदा तुमचाच आहे. चौकशीत हे एका उलटतपासणीत उघडं पडतं. उलटतपासणी कशी असते हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही.

मी गुंतवणूकदार आहे. स्वतःसाठी प्लॉट घेणं-विकणं चालतं ना?

चालतं. वकिलाने कमावलेला पैसा जमिनीत ठेवू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. स्वतःची मालमत्ता विकायला एजंट नोंदणीही लागत नाही, कारण तिथे तुम्ही मध्यस्थ नसून मालक आहात.

पण गुंतवणूक आणि धंदा यांच्यामधली रेघ बारीक आहे. एक प्लॉट घेतला, सात-आठ वर्षं ठेवला, मुलीच्या शिक्षणाला विकला, ही गुंतवणूक. दर दिवाळीला तीन घ्यायचे आणि पाडव्याला विकायचे, त्यासाठी कर्ज काढायचं, भागीदार जमवायचे, याला आयकर खातंही व्यापार म्हणतं आणि मग बार कौन्सिलसमोर वेगळं बोलायला जागा उरत नाही.

सगळ्यात जास्त वकील फसतात ते चार मित्रांच्या प्लॉटिंगमध्ये. दोन एकर घ्यायची, एनए करायची, लेआउट पाडायचा आणि विकायचं. इथे तुम्ही गुंतवणूकदार राहत नाही, रेराच्या भाषेत प्रवर्तक, म्हणजे प्रकल्प उभारून विकणारे, होता. जमीनमालक किंवा पैसे घालणाऱ्याला प्लॉटमधला अथवा विक्रीच्या पैशातला हिस्सा मिळणार असेल, तर महारेरा त्यालाही प्रवर्तकांत धरतं. मग ताबा, रस्ते, नाल्या, मुदत अशा सगळ्या जबाबदाऱ्या गळ्यात येतात. "मी फक्त पैसे दिले होते" हे ऐकून घेतलं जात नाही.

अशिलाचीच जमीन मी घेतली तर?

घेऊ नका. तुमच्या दाव्यातल्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत विकली जाणारी मालमत्ता स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या नावाने घ्यायला नियम २२ बंदी करतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १३६ प्रमाणे वकिलाला दावायोग्य हक्क, म्हणजे दावा लावून वसूल करायचं येणं, विकत घेता येत नाही. भारतीय न्यास अधिनियमाच्या कलम ८८ मध्ये तर कायदेशीर सल्लागाराचा स्पष्ट उल्लेख आहे. विश्वासाच्या नात्याचा वापर करून मिळवलेला फायदा त्याला अशिलासाठीच धरून ठेवावा लागतो. अडचणीत आलेला शेतकरी आपल्याकडे कागद घेऊन येतो तेव्हा जमिनीचा भाव आपल्याला त्याच्याआधी कळतो. त्या माहितीवर त्याचाच हक्क आहे.

मराठवाड्यात टायटल, म्हणजे जमिनीची मालकी, तपासणं वेगळं का पडतं?

आपली जमीन निजामाच्या राज्यातून आली म्हणून. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथला महसूल कारभार उर्दूत होता आणि वर्ष फसली, म्हणजे जुनं महसुली वर्ष, होतं. जुना कागद हातात आला की फसली वर्षात ५९० मिळवायचे. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. पुण्याकडून आलेला चांगला वकीलही इथे गडबडतो, कारण त्याच्या सवयीचा कूळकायदा इथे नाही. इथे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० लागतो.

म्हणून नुसता तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मला पुरेसा वाटत नाही. मी १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत, म्हणजे तेव्हाच्या जमीन-नोंदीपर्यंत, जातो. तिथे संरक्षित कुळाचं नाव दिसलं तर त्या अधिनियमाच्या कलम ३८-ई खाली त्याला मालकी मिळाली का, आणि पुढची विक्री कलम ५०-ब ची परवानगी घेऊन झाली का, हे पाहतो. इनाम दिसलं तर मुंतखब, म्हणजे इनामाचा निजामकालीन दाखला, मागतो. मदतमाश, म्हणजे निर्वाहासाठी दिलेली इनाम जमीन, वेगळी, खिदमतमाश वेगळी. खिदमतमाश म्हणजे देवस्थान, मशीद किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन. सातबाऱ्यावर तीन पिढ्या एखाद्याचं नाव असलं तरी ती विकायचा हक्क त्याला असेलच असं नाही. वक्फची शंका आली तर संभाजीनगरातच पाणचक्कीला वक्फ मंडळाचं कार्यालय आहे, तिथली नोंद पाहावी. इनाम जमिनी वर्ग एक (मोकळेपणी विकता येणाऱ्या) करण्याचे आणि नजराण्याचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, म्हणून त्या दिवशीचा शासन निर्णय हातात असावा.

शहरालगत गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेले प्लॉट, हा आणखी एक गुंता. सातारा परिसर, पडेगाव, हर्सूल इथे हजारो घरं अशा प्लॉटवर उभी आहेत. २००१ चा गुंठेवारी कायदा २०२१ मध्ये सुधारला आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली गेली. पण नियमित होण्याजोगा प्लॉट आणि नियमित झालेला प्लॉट यांत फरक आहे, आणि विकणारा पहिल्याला दुसरा म्हणून विकतो. शंभर रुपयांच्या बॉंडवर झालेल्या खरेदीने किंवा नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगूनही लोक आजही तसे कागद घेऊन येतात. त्यात बहुतेक वेळा निवृत्तीचे पैसे असतात.

हे सगळं वाचू शकणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यात मोजकी आहेत. जुन्या उर्दू नोंदी वाचणारे तर आता म्हातारे झाले. तरुण वकिलाने रेराच्या परीक्षेला घालवायचा वेळ या कागदांना द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

एजंट न होता सनदीवर काय काय करता येतं?

बरंच काही. सर्च आणि टायटल रिपोर्ट, जाहीर नोटीस, इसारपावती आणि खरेदीखताचा मसुदा, अशिलाच्या वतीने अटींची बोलणी, बिल्डरच्या करारनाम्याची छाननी. प्रवर्तकाने नोंदणीकृत करारनाम्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ नये हे कलम १३ लोकांना माहीत नसतं. नुसतं हे सांगितलं तरी अनेकांचे पैसे वाचतात. ताबा लांबला तर कलम ३१ खाली तक्रार करता येते, आणि कलम ५६ प्रमाणे वकील तिथे बाजू मांडू शकतो. फी आधी आणि लेखी ठरवा, कामाच्या तासांवर किंवा कागदांवर. "दलाल दोन टक्के घेतो, तुम्ही आधी पैसे मागता" असं अशील म्हणेल. त्याला वर दिलेली फी आणि दलालीची कसोटी समजावून सांगा. माझ्या अनुभवात लोकांना ती पटते.

कराचा काही फरक पडतो का?

पडतो. वैयक्तिक अशिलाला दिलेली वकिली सेवा जीएसटीतून मुक्त आहे. व्यावसायिक संस्थेच्या बाबतीत कर भरायची जबाबदारी सहसा सेवा घेणाऱ्यावर येते. दलालीला ही सवलत नाही. उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी आणि १८ टक्के कर.

अमेरिकेतल्या वकिलांना हे सहज करता येतं म्हणतात, ते खरं का?

बऱ्याच राज्यांत खरं आहे. न्यूयॉर्क आणि टेक्सासमध्ये तिथल्या बारच्या वकिलाला ब्रोकर लायसन्सच्या कायद्यातून सूट आहे. पण तिथल्या बारचे नियम वेगळे आहेत. तिकडचे व्हिडिओ पाहून इकडे पाटी लावू नका.

तरीही मला पूर्णवेळ याच धंद्यात जायचं आहे. सनद कायमची सोडावी लागेल का?

कायमची नाही. स्वखुशीने वकिली थांबवणाऱ्याने नोंदणीकृत पोस्टाने महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला तसं कळवायचं आणि मूळ सनद सोबत पाठवायची. पुढे परत यावंसं वाटलं तर पुन्हा अर्ज करता येतो. क्रम मात्र चुकवू नका. आधी सनद स्थगित, मग रेराचा अर्ज.

त्याही आधी चालू दाव्यांची यादी काढा. प्रत्येक अशिलाला भेटून सांगा, वकीलपत्रावर ना-हरकत द्या, पुढची तारीख लिहून द्या. कपाटातली मूळ खरेदीखतं, खासऱ्याच्या नकला, इसारपावत्या मोजून परत करा आणि पोच घ्या. चेंबरच्या दारावरची "ॲडव्होकेट" ही पाटीही त्याच दिवशी उतरवा.